सफारीचा कागद

तीन दिवस बर्फ पडलं. चौथ्या दिवशी ऊन आलं आणि थंडी दुप्पट झाली. या देशात हिवाळ्यातलं ऊन नुसतं बघायचं असतं, अंगावर घ्यायचं नसतं, हे आप्पांना दुसऱ्या हिवाळ्यात पाठ झालं होतं. सकाळी साडेसातला त्यांनी गॅरेजचं दार वर केलं. पायात मुलाचे जुने बूट, डोक्यावर सुनेची जुनी कानटोपी आणि गळ्यात स्वतःचा मफलर, अशा तिघांच्या मालकीच्या कपड्यांत ते बाहेर आले आणि फावडं मारायला लागले.

वरचं बर्फ पिठासारखं होतं. खालचं, गाड्यांच्या चाकांनी दाबलेलं, जमिनीला घट्ट धरून बसलं होतं. त्याला फावड्याची कड तिरकी लावून गुडघ्याने रेटा द्यावा लागे. पाऊण तासात रस्त्यापर्यंतची वाट मोकळी झाली. तेवढ्यात बर्फ लोटणारी मोठी गाडी आली आणि रस्त्यावरचं सगळं बर्फ त्यांच्या वाटेच्या तोंडाशी ढकलून पुढे गेली. आतल्या माणसाने हात केला. आप्पांनीही केला. घराबाहेरच्या माणसाशी त्या आठवड्यात त्यांचा झालेला संवाद तेवढाच.

आप्पा म्हणजे गुरुनाथ शिंगटे, वय सदुसष्ट, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. तेहतीस वर्षं मोटरसायकलला गोठवलेल्या वीर्याचं नायट्रोजनचं भांडं बांधून गावोगाव हिंडले आणि माजावर आलेल्या गाई भरवल्या. गावठी गाईच्या पोटी होल्स्टिन, नाहीतर जर्सी. लोक त्यांना 'डॉक्टर' म्हणायचे. ते डॉक्टर नव्हते, पण लोकांचं समाधान मोडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. बायको, शोभना, गेल्यावर सहा महिन्यांनी मुलाने, यतीनने, त्यांना इकडे आणलं. घर शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या पश्चिमेला, जिथं घरं संपून मक्याची रानं सुरू होतात तिथं. वसाहतीचं नाव 'ओक मेडोज'. ओकची झाडं आणि कुरण काढून टाकल्यावर ते दिलेलं होतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी घर रिकामं होई. यतीन गाडीने शॉमबर्गच्या ऑफिसला, सून आसावरी ट्रेनने शिकागोला, नात अंतरा पिवळ्या बसने शाळेत. चारला अंतरा येई, पण तिच्या कानात काहीतरी घातलेलं असे. मधले आठ तास आप्पा, आणि सफारी.

सफारी मांजर होती असं घरातले म्हणत. आप्पांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी जनावर पाहतात तसं पाहिलं. आधी मागचे पाय, मग पाठ, मग कान, शेवटी तोंड. मागचे पाय पुढच्यांपेक्षा उंच. कान डोक्याच्या मानाने भलतेच मोठे, सरळ उभे, आणि कानांच्या मागे पांढरा डाग. अंगावर काळे ठिपके, शेपूट आखूड. अकरा महिन्यांत सात किलो. आवाज मांजराचा कमी आणि पाखराचा जास्त. रागावली की मात्र नागासारखा फूत्कार. आफ्रिकेतल्या गवताळ रानात सर्व्हल नावाची एक रानमांजर असते. तिचा नर आणि घरातली मादी, त्यांची ही लेक. पहिली पिढी. रानातलं पिल्लू पोटात जास्त दिवस राहतं, घरातलं कमी. म्हणून असली पिल्लं बहुतेकदा अपुऱ्या दिवसांची, लुळी निघतात आणि निम्मी जगतही नाहीत. ही जगली होती. हे आप्पांना कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं.

आणली होती ती अंतरासाठी. अंतराला कुशीत घ्यायला मांजर हवं होतं आणि यतीनला, घेतलंच आहे तर, आठवड्याच्या शेवटी येणाऱ्या मित्रांना दाखवायला काहीतरी हवं होतं. सफारी कुशीत बसली नाही. दोनदा ओरबाडल्यावर अंतरा तिला "आजोबाज कॅट" म्हणायला लागली.

घरात आसावरीने दोन वर्षांपूर्वी वीगन व्हायचं ठरवलं होतं, त्यामुळे दूध, तूप, दही आणि मध घराबाहेर गेले होते. सफारीला मात्र दिवसाला पाव किलो कच्चं मांस हाडासकट लागे. म्हणून गॅरेजमध्ये एक वेगळा फ्रिज होता आणि गॅरेजमध्येच आप्पा पोत्यावर बसून, साताऱ्याहून आणलेल्या विळीवर कोंबडीच्या माना, पाय, काळीज चिरत. थंडीने मांस हाताला चिकटे. बोटांना चिरा पडल्या होत्या. चहा ओट्स नावाच्या कसल्यातरी दुधाचा मिळे. तो पीत आप्पा कोंबड्या कापत आणि या घरात पोटभर कोण जेवतं, याचा विचार करत नसत.

बेसमेंटमधली एक खोली सफारीची होती. भिंतीला फळ्या ठोकलेल्या, कोपऱ्यात पाण्याचा टब, कारण तिला पाण्यात हात घालून बसायची आवड होती. आपली हद्द दाखवायला ती चारी भिंतींवर मुतायची. आप्पा रोज गुडघ्यांवर बसून व्हिनेगरच्या पाण्याने भिंती पुसत. मग पाठ सरळ करत आणि भिंतीला टेकून बसत. मग ती यायची. मांडीवर नाही. हातभर अंतरावर, त्यांच्याकडे पाठ करून.

"बसा बाई," आप्पा म्हणत.

पाठ करून बसलेलं जनावर भ्यालेलं नसतं. तोंड करून बसलेलं अजून अंदाज घेत असतं. आप्पांना या घरात बाकी सगळे तोंड करून भेटत.

तिच्याशी ते बोलत. वाठारच्या बाजारात कोणी कसली गाय कितीला फसवून विकली, शोभनाने दवाखान्यात शेवटी काय मागितलं, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला इथून काय करावं लागतं. ती कान त्यांच्याकडे वळवायची, फक्त कान. एवढं ऐकणारं कोणी आप्पांना दीड वर्षात भेटलं नव्हतं.

*

भानगड मंगळवारी झाली. आप्पा तिला पट्टा बांधून मागच्या अंगणात फिरवत होते. थंडीने बोटं बधिर झाली होती, बक्कल नीट लागलं नाही. ती उभ्या जागेवरून सहा फुटी कुंपणावर चढली आणि पलीकडच्या कॅरलबाईंच्या कुत्र्याकडे बघत बसली. कुत्रं वीतभर होतं. त्याने एकदा भुंकून पाहिलं आणि मग ते बर्फात बसलं. आणखी काही झालं नाही. आप्पांनी खिशातलं काळीज दाखवलं, सफारी उतरली. पण कॅरलबाई खिडकीत होत्या आणि त्यांच्या हातात फोन होता.

वसाहतीच्या कमिटीचा नियम होता: असलं संकरित मांजर चौथ्या पिढीपासून पुढचं चालेल. म्हणजे रानातलं रक्त सोळावा हिस्सा. त्याच्या अलीकडचं चालणार नाही. मिझुरीतल्या ज्या बाईकडून यतीनने सफारी आणली होती तिने दोन कागद दिले होते, एक खरा आणि एक कमिटीसाठी. बाई व्यवहाराला चोख होती.

"काही टेन्शन नाहीये," यतीन जेवताना म्हणाला. "गुरुवारी एक माणूस येईल, इन्स्पेक्शन करेल, फॉर्म भरेल. पेपरवर ती एफ-फोर आहे. रक्त टेस्ट करून पिढी कळत नाही. पेपर म्हणेल तेच."

"तू थांबशील ना घरी?" आसावरी म्हणाली.

"गुरुवारी रिलीज आहे यार. आप्पा आहेत की."

दोघांनी आप्पांकडे पाहिलं.

"आप्पा, काही विचारलं तर एकच म्हणायचं. आय डोन्ट नो, आस्क माय सन."

"आय डोन्ट नो," आप्पा म्हणाले.

"आस्क माय सन."

"ते आलं लक्षात."

"अ‍ॅक्सेंट क्यूट आहे," अंतरा म्हणाली, इंग्रजीत.

*

माणूस दहाला आला. पिकअप गाडीतून उतरला, दारात आला आणि न सांगता बूट काढून उभा राहिला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. आप्पांना तो तिथेच आवडला. त्याचं नाव डेल. सत्तरीचा, मान जाड, कान थंडीने लाल. कमिटीने असल्या कामांना त्याला नेमलेलं होतं.

पुढचं सगळं इंग्रजीत झालं. आप्पांचं इंग्रजी सरकारी परिपत्रकातलं, डेलचं नाकातलं आणि अर्धं गिळलेलं. पहिली पाच मिनिटं कोणाला काही समजलं नाही.

मग ते बेसमेंटमध्ये उतरले. सफारीने वरच्या फळीवरून फूत्कार टाकला. डेल जिथल्या तिथे थांबला, हात खाली सोडले, तोंड बाजूला वळवलं आणि काही न करता उभा राहिला. आप्पांनी त्याच्याकडे बारकाईने पाहिलं.

"जनावरांत वर्षं काढलीत तुम्ही," आप्पा म्हणाले.

"बापाच्या चाळीस गाई होत्या. फ्रीपोर्टच्या बाजूला. होल्स्टिन." डेल हळू आवाजात, सफारीला ऐकू जाईल एवढ्यानेच बोलत होता. "मग गाई गेल्या, तेव्हा मी नऊ वर्षं गाई भरवायचं काम केलं. कंपनीची गाडी, टाकी, रोज पंचवीस गोठे."

आप्पांनी डावा हात खांद्यापासून वर उचलायला घेतला. तो कानापर्यंत आला आणि थांबला.

"याच्या वर जात नाही," ते म्हणाले. "तेहतीस वर्षं."

डेलने आपला डावा हात उचलला. तोही कानापाशी थांबला. दोघं म्हातारे बेसमेंटमध्ये, मुताच्या वासात, अर्धे हात वर करून उभे राहिले. डाव्या हाताने, कोपरापर्यंत गाईच्या पोटात शिरून, ज्यांनी आयुष्य काढलं त्यांचाच खांदा असा होतो. डेल हसायला लागला. त्याच्या पोटातून घरघर येत होती. आप्पाही हसले आणि हसताना त्यांना स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटेना.

वर येऊन त्यांनी आलं घालून चहा केला. दूध ओट्सचं आहे म्हणून माफी मागितली. डेल म्हणाला, ओट्स मी घोड्यांना घातलेत, पिऊन बघतो. मग तासभर दोघं बसले. गाय लाथ मारणार हे आधी कुठं कळतं. डेल म्हणाला, कानात. आप्पा म्हणाले, शेपटीच्या मुळाशी. वाद झाला. खिल्लार गाय म्हणजे काय हे आप्पांनी कागदी रुमालावर काढून दाखवलं. शिंगं काढताना जागा कमी पडली. डेलने रुमाल उचलून खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी मी फ्रीपोर्टला जातोय," तो म्हणाला. "चुलतभावाचा गोठा आहे. एकशेसाठ गाई. येता का?"

"येतो," आप्पा म्हणाले. विचारण्याआधी म्हणाले म्हटलं तरी चालेल.

"नऊला घ्यायला येतो."

मग डेलने फॉर्म पुढे सरकवला. घराचा पत्ता बरोबर आहे का बघा आणि खाली, मी येऊन गेलो म्हणून, सही करा. एवढंच.

न वाचता सही करून आप्पांनी उभ्या जन्मात कागद सोडलेला नव्हता. त्यांनी चष्मा लावला. पत्ता बरोबर होता. मालकाचं नाव बरोबर होतं. जनावराचा रंग बरोबर. त्याखाली लिहिलं होतं: पिढी चौथी, रानटी रक्त सोळावा हिस्सा.

आता इथे आप्पांना यतीनची आठवण व्हायला हवी होती. झाली नाही. तेहतीस वर्षं संकरित जनावराच्या नोंदवहीत त्यांनी एकच गोष्ट जपली होती, रक्ताची टक्केवारी. ती चुकली की पुढच्या सात पिढ्या चुकतात. सभापतीच्या गाईची नोंद वाढवून लिहा म्हणून दबाव आला तेव्हा त्यांची बदली झाली होती, पण नोंद बदलली नव्हती. समोर चुकीची नोंद होती, हातात पेन होतं आणि समोर बसलेल्या माणसाला आपल्यासारखाच खांदा होता.

"हे चुकलंय," आप्पा म्हणाले. त्यांनी 'चौथी'वर एक सरळ आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं: पहिली. हिस्सा खोडून लिहिलं: पन्नास टक्के. आणि खाडाखोड केल्यावर करायची असते तशी बाजूला सही केली आणि तारीख घातली.

डेलने कागद आपल्याकडे ओढला.

"नक्की?" तो म्हणाला.

"कानामागचा डाग बघा. मागच्या पायाची उंची बघा. आवाज ऐकलात ना? सोळाव्या हिश्श्याला असला आवाज असतो होय?"

"नसतो," डेल म्हणाला. "मला वाटलंच होतं. पण माझ्याकडे कागद होता." त्याने फॉर्मची घडी घातली, ती खिशात टाकताना जरा थांबला, मग टाकली. बूट घालताना म्हणाला, "शनिवारी नऊला."

आप्पांनी कप विसळले. खाली जाऊन टबातलं पाणी बदलायला घेतलं. बादली अर्धी ओतून झाली होती तेव्हा त्यांचा हात थांबला. सफारी त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. बादलीतलं पाणी पायांवर सांडत राहिलं.

*

"तुम्ही सहीपण केलीत?" आप्पांनी दारातच सगळं सांगून टाकलं होतं आणि यतीन उभाच होता. कोट काढला नव्हता. बुटांखाली बर्फाचं पाणी साचत होतं.

"खाडाखोड केली की बाजूला सही लागते."

"कोणाला लागते?"

"लागते."

"आप्पा, मी दहा वेळा सांगितलं होतं! एक सेंटेन्स! आय डोन्ट नो! तुम्हाला एक सेंटेन्स लक्षात राहत नाही?"

"लक्षात होतं."

"मग?"

मला कोणीतरी विचारलं, असं आप्पांना सांगायचं होतं. पण डेलने विचारलंही नव्हतं.

कमिटीचं पत्र शुक्रवारी ईमेलने आलं. दहा दिवसांत जनावर हलवा. दोन राज्यांपलीकडे असल्या मांजरांचा एक आसरा आहे, तिथे जागा आहे. आसावरीने फोनवर आसऱ्याचे फोटो उघडून आप्पांना दाखवले. चांगले मोठे पिंजरे होते, झाडं होती.

"तिच्यासारखीच चाळीस आहेत तिथे, आप्पा. ती हॅपी राहील," ती म्हणाली. ती वाईट नव्हती. भिंतींच्या वासाने तिचं डोकं दुखे. मग तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन उलटा ठेवला. "यतीन, दुसरा काहीच ऑप्शन नाहीये का?"

ऑप्शन ऋषीने काढला. ऋषी म्हणजे यतीनचा मित्र. तो वकील नव्हता, पण त्याने स्वतःचं ग्रीन कार्ड स्वतः केलं असल्यामुळे सगळे त्याला विचारत. रविवारी तो आला, बटाटेवडे खाल्ले आणि म्हणाला, "सिंपल आहे. कमिटीकडे एव्हिडन्स काय? काकांची सही. मिझुरीचा पेपर तर आपल्या बाजूने आहे. मग काकांची सही उडवायची."

"उडवायची म्हणजे?"

"म्हणजे काकांना यातलं काही कळत नाही. ओल्ड मॅन, कन्फ्यूज झाले, काहीतरी लिहिलं. एक लेटर द्यायचं. काका, वाईट वाटून घेऊ नका हं."

"नाही नाही," आप्पा म्हणाले. "वडा घ्या आणखी."

पत्र कॉम्प्युटरने लिहून दिलं. मिनिटही लागलं नाही. आसावरीने छापून टेबलावर ठेवलं. आप्पांनी चष्मा लावला.

पत्रात लिहिलं होतं, मी गुरुनाथ शिंगटे, भारतातल्या खेड्यातला निवृत्त शेतकरी. मला इंग्रजी फार येत नाही. मला जनावरांचं कसलंही शिक्षण नाही, अनुभव नाही. वयोमानाने मला विस्मरण होतं. मी कागदावर जे लिहिलं त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. झाल्या गैरसमजाबद्दल मी दिलगीर आहे.

पहिल्याच ओळीत चूक होती. आप्पांच्या नावावर एक गुंठाही नव्हता. ते शेतकरी कधीच नव्हते. पेनाचं टोक त्या शब्दावर जाऊन टेकलं. तिथं शाईचा एक बारीक ठिपका झाला.

"फक्त पेपरवर आहे हो आप्पा," आसावरी हळूच म्हणाली.

"पेपरवरच असतं सगळं."

"नको असेल तर नका करू. खरंच."

यतीन खिडकीतून बाहेर बघत होता. त्याच्या पहिलीच्या दाखल्यावर वडिलांच्या धंद्यापुढे 'डॉक्टर' लिहायला मास्तर तयार झाले होते, आणि आप्पांनी तिथेही 'पशुधन पर्यवेक्षक' असं करून घेतलं होतं.

खालून सफारीची हाक आली, पाखरासारखी. चार वाजले होते. मांसाची वेळ.

आप्पांनी पेन उचललं, खाली नेलं आणि सही केली. खाडाखोड नव्हती, म्हणून एकच.

*

डेल पुन्हा आला तो शुक्रवारी. यतीन घरून काम करत होता. त्याने दार उघडलं, हसून हात मिळवला, हवामानावर दोन वाक्यं बोलला. डेलने बूट काढले. मोजे नवे होते.

स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून त्याने पत्र वाचलं. हळूहळू, बोट ओळीखाली धरून. आप्पा खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर.

"शेतकरी," डेल म्हणाला.

"हो, माय डॅड वॉज अ फार्मर," यतीन म्हणाला.

डेलने आप्पांकडे पाहिलं. "हे तुम्ही लिहिलंत?"

"त्यांची सही आहे," यतीन म्हणाला.

"मी त्यांना विचारतोय." डेल ओटा सोडून आप्पांसमोर आला. "खाली जे जनावर आहे, ते कितव्या पिढीचं?"

डेलचे डोळे निळे होते, कडेला पाणी होतं, थंडीचं असेल. तो वाट बघत होता. पहिली म्हणालात तर पहिली लिहीन, असं त्या तोंडावर स्वच्छ होतं.

"आय डोन्ट नो," आप्पा म्हणाले.

"कानामागचा डाग?"

"आय डोन्ट नो. आस्क माय सन."

डेलने मान हलवली. नुसती. मग विचारलं, "आणि तो खांदा?"

आप्पांनी डावा हात उजव्या हाताने धरला.

"स्नो," ते म्हणाले. "शव्हेलिंग."

यतीन मध्येच म्हणाला, "मी त्यांना किती वेळा सांगतो, आपण माणूस लावू, पण ऐकत नाहीत."

डेलने फॉर्मवर काय लिहायचं ते लिहिलं. चौथी पिढी, कागदपत्रं बरोबर, तक्रार निकाली. यतीनने सही केली. दारात बूट घालून डेल उभा राहिला, टोपी डोक्यावर चढवली आणि आप्पांकडे वळला. मग वाकून, आवाज मोठा करून, एकेक शब्द सुटा सुटा करून, समजायला जड जाणाऱ्या माणसाशी बोलतात तसा बोलला.

"यू. टेक. केअर. सर."

आणि हात हलवून दाखवला, टाटा करतात तसा.

"थँक्यू," आप्पा म्हणाले.

गाडी गेल्यावर यतीनने दोन्ही मुठी वर केल्या. "झालं! क्लोज्ड! बघा आप्पा, किती सिंपल होतं." त्याने त्यांच्या खांद्यावर थोपटलं. डाव्या.

*

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. आप्पा पाचला उठले, दाढी केली. नऊ वाजता ते गॅरेजमध्ये विळीवर बसून माना चिरत होते. दार खाली होतं. बाहेर दोन-तीन गाड्या गेल्या, त्यांच्या आवाजावरून त्या पिकअप नव्हत्या हे त्यांना कळत होतं. साडेनऊला त्यांनी विळी धुतली, पुसली, मिटवली.

मांस घेऊन खाली गेले तर सफारीने ते हुंगलंसुद्धा नाही. ती जमिनीवर लोळत होती. छाती जमिनीला, मागचा भाग वर, शेपूट एका बाजूला, मागच्या पायांनी जागच्या जागी चाल. आणि आवाज, आजवर न काढलेला, खर्जातून वर चढत जाणारा. आप्पा तिच्या बाजूला उकिडवे बसले. पाठीच्या कण्यावरून शेपटीकडे एकदा हात फिरवला. ती आणखी वाकली.

"असं आहे होय," आप्पा म्हणाले. "आता गं बाई?"

अंतराची शनिवारची मराठी शाळा करून सगळे दुपारी आले तेव्हा तो आवाज वरपर्यंत येत होता.

"ओ माय गॉड, इज शी डाइंग?" अंतरा जिन्यातच थांबली.

आसावरी खाली धावली. "यतीन! हिला काहीतरी होतंय! बॅक लेग्ज बघ, पॅरालिसिस आहे का?"

"माजावर आलीय," आप्पा म्हणाले.

"एक मिनिट आप्पा." यतीनने फोन काढला होता. "इमर्जन्सी व्हेट कुठलाय बघतो. व्हिडिओ काढ, आसावरी, व्हिडिओ काढ."

"तीन-चार दिवस चालेल. मग थांबेल. परत पंधरा-वीस दिवसांनी."

"आप्पा, प्लीज. दोन मिनिटं बाजूला व्हा, अंगावर येईल ती." यतीन बोटाने स्क्रीन वर ढकलत होता. त्याचे ओठ हलत होते. मग त्याचा चेहरा सैल पडला. "अरे! काही नाहीये. काही नाहीये. नॉर्मल आहे!"

"नक्की?" आसावरी म्हणाली.

"इथे सगळं लिहिलंय." तो वाचत जिन्याच्या पायरीवर बसला, शेजारची जागा त्याने हाताने झाडली आणि वडिलांना बोलावलं. त्याला आता त्यांच्याशी नीट वागायचं होतं. आठवडाभर तो तोडून बोलला होता. आप्पा जाऊन बसले. यतीनने फोन दोघांच्या मध्ये धरला, अक्षरं मोठी केली.

"हे बघा आप्पा," तो सावकाश म्हणाला. "याला ना, हीट म्हणतात. म्हणजे मादी असते ना, ती मोठी झाली की तिला पिल्लं व्हायची इच्छा होते. मग ती अशी लोळते, ओरडते. यात घाबरायचं काही नसतं. गाईम्हशींमध्येपण असतं म्हणे हे. कळलं?"

सफारी समोर लोळत होती. अंतरा जिन्यावरून कानावर हात ठेवून बघत होती.

आप्पांनी फोनवर आलेला फोटो नीट पाहिला.

"असं असतं का," ते म्हणाले.